चार तारांवरून त्या खुर्चीवर जाताना

पोरी, बेस विकू नकोस. मॉनिटर स्पीकर घ्यायला पैसे कमी पडून राहिले म्हणून बेस काढते म्हणालीस, तो विचार आधी डोक्यातून काढ. स्पीकर पुढच्या दिवाळीत येतील. प्रोड्यूसरच्या खुर्चीवर बसल्यावर बाकीच्यांपेक्षा तुझ्यापाशी वेगळं काय असेल, तर त्या चार तारांनी घडवलेले कान. ते जागे ठेवायचे तर हात रोज तारांवर पडला पाहिजे.

बेसवाला प्रोड्यूसर होतो यात काही नवल नाही. इंग्लंडचा ट्रेव्हर हॉर्न मूळचा बेसवाला. 'बगल्स'मध्ये गाऊन झालं, आणि मग 1980 च्या दशकात दुसऱ्यांचे रेकॉर्ड घडवण्यातच त्याचं नाव झालं. अमेरिकेचा डॉन वॉज बेसवाला. बॉनी रेट या गायिकेचा 1989 चा 'निक ऑफ टाइम' त्याने केला आणि त्याला ग्रॅमीत वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला. मार्कस मिलरने माइल्स डेव्हिसचा 1986 चा 'टुटू' बांधला, तेव्हा त्यातली बरीचशी वाद्यं त्याने स्वतःच वाजवली. असं काहून होते? माझं उत्तर साधं आहे. बेसवाल्याचा एक कान ठेक्याकडे आणि दुसरा गाणाऱ्याकडे असतो. त्याच्यासाठी कोणी टाळ्या वाजवत नाही, त्यामुळे स्वतःकडे पाहायची सवय त्याला लागत नाही. आणि गाण्याचा रंग पालटायची चावी त्याच्याकडे असते. पेटीवर सा-ग-प धरला आहे. तू खाली सा वाजवला तर सगळं प्रसन्न, आणि सा सोडून शुद्ध ध लावला तर तेच तीन सूर उदास. पेटीवाल्याने बोट हलवलं नाही, गाणाऱ्याने काही बदललं नाही, तरी गाणं बदललं. प्रोड्यूसरचं काम यापेक्षा फार निराळं नसते.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण पाहिजे असेल तर मुंबईचे चरणजित सिंग. जन्म 1940 चा, 2015 मध्ये गेले. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये बेस गिटार वाजवायचे, ट्रान्झिकॉर्ड वाजवायचे, पुढे सिंथेसायझर. 1982 मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं मांडली: ज्युपिटर-8, टीआर-808 आणि टीबी-303. त्यातलं टीबी-303 तर एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा म्हणून काढलेलं, म्हणजे बेसवाल्याची रोजी खाणारंच यंत्र. दुसरा कोणी असता तर त्या यंत्राला शिव्या देत बसला असता. ह्या माणसाने ते विकत घेतलं, त्यावर राग बसवले, खाली डिस्कोचा ठेका ठेवला आणि दहा रागांचा एक अल्बम केला. एचएमव्हीने तो काढला, पण फारसा कोणी घेतला नाही. 2010 मध्ये परदेशात तो पुन्हा निघाला, तेव्हा तिकडचे लोक चाट पडले: शिकागोत 1987 च्या सुमारास गाजलेल्या 'ॲसिड हाउस'सारखं काहीतरी हा मुंबईकर पाच वर्षं आधीच करून बसला होता!

ही गोष्ट लोक तुला स्फूर्तीसाठी सांगतील. मी तिचा उत्तरार्धही सांगतो. दाद मिळाली तेव्हा त्यांची सत्तरी आली होती. मधल्या काळात घर चाललं ते दुसऱ्यांच्या कामावर. तूही मनासारखं एक काम वर्षाला जरूर कर, पण खोलीचं भाडं त्या कामातून निघेल असं धरू नकोस.

वादक आणि प्रोड्यूसर यांच्यामध्ये एक पायरी आहे, ती आजकालची पोट्टी चुकवतात. आपल्याकडे तिला संयोजक म्हणतात, अरेंजर. प्रभाकर जोग व्हायोलिनवाले. सुधीर फडक्यांचे सहायक, 'गीतरामायणा'त त्यांचं व्हायोलिन होतं, मग संयोजन केलं, स्वतः चाली दिल्या, आणि 'गाणारे व्हायोलिन' म्हणून नाव मिळवलं. अरुण पौडवाल अ‍ॅकॉर्डियनवाले, अनिल मोहिले व्हायोलिनवाले. दोघांनी मिळून 'अनिल-अरुण' नावाने 1979 च्या 'अष्टविनायक'ला संगीत दिलं. ह्या लोकांना एका रिकाम्या कागदावर दहा वादकांचं काम वाटून देता यायचं. ते तुला आलं पाहिजे, आणि दोन्ही लिप्यांत आलं पाहिजे. कीबोर्डवाला पोट्टा 'जी मायनर' म्हटलं की समजते, मात्रा म्हटलं की तोंड पाहते. भजनी मंडळाचा पेटीवाला नेमका उलट. तुझ्या वहीत डाव्या बाजूला कॉर्ड आणि उजव्या बाजूला सरगम, असं पान आखून ठेव.

पट्टीचा प्रश्न आला की बेसवाल्याची खरी परीक्षा. तुझ्या मोकळ्या तारा आहेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. आणि गाणारा येऊन म्हणतो, 'काळी एक.' सगळ्या मोकळ्या तारा गेल्या. म्हणून काम ठरलं की पैशाच्या आधी पट्टी विचार. दुसरं, पेटी आधी ऐक. जुन्या पेट्या ट्यूनरच्या 440 वर बसलेल्या नसतात, कोणती थोडी वर, कोणती खाली. पेटी रेकॉर्डिंगच्या दिवशी बदलत नाही, तार बदलते. तू पेटीला लाव आणि कॉम्प्युटरमधल्या कीबोर्डलाही तितकंच सरकव. ट्यूनर बरोबर दाखवून राहिला आणि गाणं बेसूर, हा झगडा मग उद्भवत नाही.

आता ज्या सवयीने बेसवाले प्रोड्यूसर झाल्यावर फसतात, ती सांगतो. त्यांना बेस ऐकू येतो. म्हणजे, फारच ऐकू येतो. मिक्स करताना हात आपसुक त्याच फेडरवर जातो, कारण तिथली प्रत्येक बारीक हरकत त्यांच्या ओळखीची. पण अंजनगावचा माणूस ते गाणं मोबाइलवर ऐकणार आहे. तुझी मोकळी जाडी तार 41 हर्ट्झच्या आसपास बोलते. मोबाइलचा स्पीकर 200-300 हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका. तरी त्या माणसाला बेस असल्याचा भास होतो, तो वरच्या स्वरांशांमुळे: 41 ची पट 82, मग 123, मग 165, असे सूर वर असतात आणि कान खालचा सूर आपणच पुरा करतो. तेव्हा फेडर वर ढकलायचा नाही, ते स्वरांश उठवायचे. जरासं सॅच्युरेशन दे, बोटाचा ठोका 700 ते 1000 हर्ट्झमध्ये थोडा उचल, आणि एवढ्यानेही भागत नसेल तर बेसची चालच एक सप्तक वर घे. शेवटचा उपाय सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला, पण बेसवाल्याला तो कमीपणाचा वाटते.

उलट बाजूही आहे. तेच गाणं वरातीत डीजेवर वाजणार. तिथे 41 हर्ट्झ छातीत बसते, आणि तू मोबाइलसाठी म्हणून खाली काही मोजलंच नसेल तर तिथे चिखल होते. म्हणून दोन्हीकडे ऐक. तिसरी जागा चारचाकी. अकोला-अमरावती रस्ता त्यासाठी चांगला. 2022 च्या जूनमध्ये तिथे 75 किलोमीटरचं डांबर पाच दिवसांच्या आत टाकून गिनेस बुकात नाव लावलं, तो. गाडीत बसून सगळं गाणं ऐकू नको, पहिला अंतरा आणि ठेका सुरू होण्याची जागा एवढंच ऐक. आणि शेजारी संगीतातलं काही न समजणारा माणूस बसव. तो मोबाइल काढून पाहायला लागला, की गाणं तिथे सैल आहे.

खोलीबद्दल. अमरावतीत राजकमल चौकाच्या मागे दहा बाय दहाची खोली पाहून ठेवली म्हणून तुझी आई सांगत होती. घे, स्वस्त असेल तर घे, पण गणित समजून घे. दहा फूट म्हणजे तीन मीटर आणि वर थोडं. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. त्याला भिंती-भिंतीतल्या अंतराच्या दुपटीने भाग, 56 हर्ट्झ येतात. तुझी पांढरी सहाची मोकळी तार आहे 55 हर्ट्झ. म्हणजे ती तार छेडली की भिंतीपाशी खोली घुमणार, आणि बरोबर मधोमध बसून ऐकशील तर तोच सूर गायब. खोली चौरस असल्याने दोन्ही बाजूंनी हाच प्रकार, आणि छतही दहा फुटांचं निघालं तर तिसऱ्या बाजूनेही. म्हणून मध्ये बसू नकोस. समोरच्या भिंतीपासून चारेक फुटांवर खुर्ची ठेव आणि तिथून मागे-पुढे सरकत कान लाव. बरं, मे महिन्यात आपल्याकडे 45 अंश झाले की हवेतला आवाजच जोरात पळतो, 358 मीटरच्या घरात, आणि तो घुमारा 58-59 वर सरकतो. पांढरी सहा सुटते आणि काळी पाच अडकते. हे ऐकून मुंबईचे साउंडवाले हसतात. त्यांना अकोल्याचा मे माहीत नाही.

भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवू नकोस. त्याने वरचा झणझणाट थोडा मरते, बेसला काही होत नाही, कारण 41 हर्ट्झची लाट आठ मीटर लांब. आपल्या भागात कापसाला तोटा नाही, तेव्हा जुन्या गाद्या गोळा कर, गुंडाळी करून चारही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत उभ्या कर. जितक्या जाड तितक्या बऱ्या. सगळा बेस त्यानेही मरणार नाही, पण कोपऱ्यातला घुमारा कमी होते. एक गादी गाणाऱ्याच्या पाठीमागे टांग. समोर नाही, पाठीमागे. माइकचं तोंड तिकडे असते.

कूलर तुला बंद ठेवावा लागेल. त्याचा पंखा वाजते, पंप गुरगुरते, आणि ओलाव्याने गिटारची मान वाकते. म्हणून उन्हाळ्यातलं गाणं पहाटे साडेपाचला लाव. गाणारे कुरकुरतात, पण आठपर्यंत काम उरकते. बेस गाडीच्या डिक्कीत कधी सोडू नको, चहा प्यायपुरतासुद्धा नाही.

आणि तो गुणगुणाट. आपल्या विजेची आवर्तनं 50 हर्ट्झ. जाड्या तारेवर तिसऱ्या घरात पांढरी पाच वाजवलीस तर ती आहे 49. म्हणजे विजेचा गुंजारव आणि तुझा सूर एकमेकांच्या शेजारी, आणि त्याच्या दुपटीचा 100 हर्ट्झचा गुंजारव तुझ्या बारीक मोकळ्या तारेच्या, 98 च्या शेजारी. सॉफ्टवेअरमध्ये 50 ची चिमट घेऊन काढायला जाशील तर पांढरी पाच पातळ होईल, आणि मग दोन तास विचार करत बसशील की हाच एक सूर काहून मेला. मूळ शोध. अर्थिंग नीट करून घे, चांगल्या वायरमनकडून, त्यात पैसे वाचवू नको. पंख्याचा रेग्युलेटर बंद, ट्यूबलाइट बंद. इन्व्हर्टर घेशील तर साइन वेव्हचाच, साधा चौकोनी लाटेचा घेतला तर भोंगा मोफत मिळते. गिटारच्या आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी लावून ती अर्थला जोड. गुणगुण थांबते म्हणून प्लगची तिसरी पिन तोडणारे दिसतील. त्यांच्यासोबत काम करू नको. ओला हात, स्टीलचा माइक आणि तुटलेली अर्थ, यात माणूस जाते.

बेस घेताना डीआय बॉक्समधून सरळ एक ट्रॅक घे आणि अँपसमोर माइक ठेवून दुसरा. माइकवाला आवाज उशिरा पोचतो, 34 सेंटिमीटरला एक मिलिसेकंद. दोन्ही लाटा जुळवून घे, नाही तर एकत्र वाजवल्यावर बेस पोकळ लागते. लेव्हल लाल दिव्याला भिडवू नको, 24 बिटवर वरची टोकं उणे दहाच्या आसपास असली तरी भरपूर.

सगळ्यात अवघड काम म्हणजे बेस केव्हा वाजवायचा नाही ते कळणं. तबल्याचा डग्गा घसरत खाली येतो, ढोलकीची धूम तिथेच, तुझा बेसही तिथेच. डग्ग्याची मींड सुरू असेल तेव्हा तू लांब सूर धरू नको, आखूड मार आणि सर. गझल आली तर आणखी आखडतं घे. अमरावती ही सुरेश भटांची जन्मभूमी, भीमराव पांचाळे शेजारच्या आष्टगावचे. इथला श्रोता शेर ऐकायला येतो, आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी काय येते याकडे त्याचा जीव लागलेला असतो. तिथे तू एखादी देखणी उडी घेतलीस, तर आख्खा शेर बुडाला. ज्याला भरायचं आहे त्याने दोन शेरांच्या मधल्या जागेत भरावं.

आता पैशाचं आणि कागदाचं. यात बाप्पा, आपली माणसं फार ढिली. स्टुडिओत आपण ज्याला प्रोड्यूसर म्हणतो आणि कायदा ज्याला निर्माता म्हणतो, ते दोन वेगळे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा, आणि मुद्रणाचा हक्क पहिल्यांदा त्याचा. पैसे गावच्या भाऊंनी लावले, कलाकार त्यांनी जमवले, आणि तू फक्त रात्री जागून गाणं बांधलंस, तर तुझ्या बांधणीचं मोल तुला कागदावरच मागून घ्यावं लागेल. चाल तुझी असेल तर ती गोष्ट निराळी. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला आपल्या रॉयल्टीचा हक्क वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येते, दुसऱ्या कोणाला लिहून दिला तरी तो टिकत नाही. म्हणून चाल देऊ लागलीस की आयपीआरएसची सभासद हो. ती संस्था 1969 पासून आहे.

हक्क लिहून देताना कागदावर मुदत आणि मुलूख दोन्ही लिहिलेले पाहा. मुदत नाही लिहिली तर कायदा पाच वर्षं धरते, मुलूख नाही लिहिला तर भारत. समोरचा जाणता असेल तर तो 'कायमचे, जगभर' असं लिहून आणते. सही करायच्या आधी त्या दोन शब्दांचे वेगळे पैसे माग, किंवा ते खोड. आणि बाहेरून बोलावलेल्या वादकाचं नाव, वाद्य, दिलेली रक्कम, हे सगळं त्याच दिवशी लिहून सही घे. तूही कधी त्या बाजूला होतीस. गाणं ऑनलाइन टाकताना प्रत्येक गाण्याला बारा अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक मिळते. तो वहीत टिपून ठेव, आणि श्रेयनामावलीत वादकांची नावं टाकायचा कंटाळा करू नको. निम्मे पैसे माइक लावायच्या आधी. नातेवाईक असला तरी. नातेवाईक असला तर विशेषच.

कामाचं पंचांगही असते. पौषात शेगावच्या गजानन महाराजांची गाणी, प्रकटदिन माघात. होळीच्या आत 14 एप्रिलची भीमगीतं हातावेगळी झाली पाहिजेत, कारण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच एकदम आठवण येते. आषाढात अकोल्याच्या कावडवाल्यांचं काम. गांधीग्रामच्या पूर्णेचं पाणी राजराजेश्वराला चढते त्या श्रावणी सोमवारांसाठी प्रत्येक मंडळाला आपलं गाणं पाहिजे असते. मग गणपती, मग अंबादेवीची नवरात्र. पैसा मात्र या पंचांगाने येत नाही, तो सोयाबीन आणि कापूस विकल्यावर येते. दिवाळीनंतरचे दोन महिने वसुलीचे. तेव्हा मशीन घ्यायची तर डिसेंबरात घे, हप्त्यावर जूनमध्ये नको.

मुंबईला जाऊ का, असं विचारशीलच. आधी दोन वर्षं इथं काम कर, मग जा, आणि गेलीस तर बेस वाजवायला जा. मोहिनी डे ही तुझ्याच वयाच्या आगेमागे, 1996 ची. मुंबईत बेसवरच नाव केलं आणि 2023 मध्ये स्वतःच्या नावाचा अल्बम काढला. तिकडे बेसवाली म्हणून दार उघडते, प्रोड्यूसर म्हणून गेलीस तर रांगेत उभी राहशील. वाजवता वाजवता दुसऱ्यांच्या कन्सोलमागे उभी राहा, बोलू नको, पाहा.

पहिलं काम कोणतं घ्यावं, तर भजनी मंडळाचं. तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकून वाढलेली माणसं अमरावतीच्या आसपासच्या गावागावात आहेत, आणि त्यांना आपला आवाज कोणी धड रेकॉर्ड करून दिलेला नसते. स्टुडिओत बोलावू नकोस, तिथे ते आखडतात. त्यांच्याच देवळात जा. दोन माइक पुढे, माणसाच्या उंचीच्या थोडे वर, तिरपे. खंजिरीवाल्याला एका पावलाने मागे घे, तिच्या चकत्या सगळं खाऊन टाकतात. मृदंगाला वेगळा एक जवळचा माइक. बेस घरीच ठेव, या कामात त्याची गरज नाही. चहा येईपर्यंत थांबू नको, आल्या आल्या मशीन सुरू करून दे, आणि त्यांना म्हण की अजून लेव्हल पाहून राहिली आहे, तुम्ही आपलं एखादं म्हणा. पहिलं भजन सराव समजून मोकळं म्हणतात. तेच ठेव, आणि मग 'रेकॉर्डिंग झालं' म्हणून ऐकवून दे.